शेकड्याचा हिशेब, श्वासाचे औषध

खोपटच्या एसटी स्थानकाजवळ स्टीलच्या भांड्यांचे दुकान असलेल्या एका कुटुंबातील मुलीने पदवीसाठी रेस्पिरेटरी थेरपी हा विषय निवडला, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो ह्या शब्दांच्या अर्थाचाच. सी.ए., औषधनिर्माण, फार तर फिजिओथेरपी. व्यापारी घरांच्या ओळखीच्या वाटा एवढ्याच. मग २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूसाठी झालेली धावपळ आठवली. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरपाशी उभे राहून श्वासाची काळजी वाहणारी, डॉक्टरही नव्हे आणि परिचारिकाही नव्हे अशी एक व्यक्ती असते, हे तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आले.

पदवी मिळाली म्हणून परीक्षा संपत नाहीत. दुबईत वा सौदी अरेबियात काम करायचे तर तेथील आरोग्य-प्राधिकरणाची परवाना परीक्षा द्यावी लागते. भारतातही २०२१ च्या कायद्याने अशा आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची आणि नोंदणीची तरतूद केली आहे. अमेरिकेत नॅशनल बोर्ड फॉर रेस्पिरेटरी केअर ही संस्था परीक्षा घेते. अलीकडच्या वर्षांत तीन तासांत १६० प्रश्न, असे तिच्या बहुपर्यायी परीक्षेचे स्वरूप आहे. ईगन आणि राऊ ह्यांच्या नावांनी ओळखले जाणारे जाडजूड अमेरिकी ग्रंथ आपल्याकडील विद्यार्थीही वापरतात. यंत्रे जमतात, रक्तातील वायूंचे आकडे जमतात. घोडे अडते ते औषधशास्त्रापाशी. ह्या मुलीचेही पहिल्या सराव परीक्षेत सर्वाधिक गुण गेले ते तेथेच.

पहिली अडचण नावांची. आपण ज्याला साल्ब्युटामॉल म्हणतो ते अमेरिकी पुस्तकात अल्ब्युटेरॉल होते. अॅड्रिनालिनचे एपिनेफ्रिन होते. औषध तेच, पाटी वेगळी. दुसरी अडचण अधिक खोल आहे. औषधशास्त्राचे प्रश्न वेगळ्या गठ्ठ्यात बांधून येत नाहीत. प्रश्नात एक रुग्ण येतो, त्याची धाप येते, नाडी येते, आणि आता काय द्यावे एवढेच विचारलेले असते. नुसती यादी घोकलेला विद्यार्थी येथे गडबडतो. औषध शरीरातील कोणत्या कुलपाला लागते, हे माहीत असणारा तरतो. बीटा-१ हे कुलूप मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिकांत. ‘हृदय एक, फुप्फुसे दोन’ ही विद्यार्थ्यांची जुनी खूण. साल्ब्युटामॉल प्रामुख्याने दुसऱ्या कुलपाचे असूनही मात्रा वाढली की पहिल्यालाही हात घालते, आणि म्हणून छाती धडधडते. एवढे उमगले की चार-पाच प्रश्नांची उत्तरे आपोआप येतात.

घरातील बाने नातीला निराळीच वाट दाखवली. खोकल्यासाठी त्या अडुळशाचा काढा देत आल्या आहेत. नातीने पुस्तक उघडून दाखवले, की अडुळशातील व्हॅसिसिन ह्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. धोत्र्याचेही तसेच. त्याच्या जातीच्या वनस्पतीचा धूर दम्यासाठी ओढण्याची मद्रासेतील रीत १८०२ मध्ये जनरल जेंट ह्यांच्यामार्फत ब्रिटनला पोहोचली. धोत्र्याच्या कुळातील अॅट्रोपिनपासून पुढे इप्राट्रोपियम तयार झाले, ते आजही नेब्युलायझरमधून दिले जाते. (धोत्रा विषारी आहे, घरी प्रयोग करण्याची ही वस्तू नव्हे.) हे दोन्ही धागे जुळल्यावर ती नावे मुलीला पुन्हा घोकावी लागली नाहीत.

मात्रेचे गणित मात्र वडिलांनी शिकवले, आणि तेही दुकान बंद झाल्यावर, गल्ल्यापाशी बसून. बाटलीवर ०.५ टक्के लिहिलेले आहे आणि रुग्णाला २.५ मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर किती मिलिलिटर? शेकडा म्हणजे शंभरावर, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. फक्त येथे शंभर मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम, असे वाचायचे. ०.५ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ५. उत्तर अर्धा मिलिलिटर. मुलीने प्रथम ०.५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असे धरून ५ मिलिलिटर लिहिले होते. वडिलांनी ताळा करायला लावला: पाच मिलिलिटर, प्रत्येकी पाच मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस. दहापट! दुकानात दशांशचिन्ह चुकले तर पैसे जातात; खाटेपाशी चुकले तर काय, ते वडिलांनी बोलून दाखवले नाही. त्या रात्रीपासून प्रत्येक उदाहरणाचा उलटा ताळा केल्यावाचून ती पान उलटत नाही. अॅड्रिनालिनची १:१००० आणि १:१०,००० ही प्रमाणेही तिने अशीच सोडवली: पहिल्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ०.१.

एका पानावर मात्र ती बराच वेळ थांबली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचे द्रव्य कमी असते, ते बाहेरून द्यावे लागते. बेरॅक्टंट गाईच्या फुप्फुसांपासून, पोरॅक्टंट डुकराच्या. लुसिनॅक्टंट ह्या कृत्रिम औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली होती, पण काही वर्षांतच ते बाजारातून गेले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलीने हे उत्तर कसे लिहावे? तिने ते लिहिले, आणि आपल्या वहीत प्रत्येक औषधापुढे त्याच्या उगमाचा एक नवा स्तंभ आखला. वडिलांनी तो पाहिला. काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात सराव संचात एक प्रश्न आला. दम्याचा वृद्ध रुग्ण, झटपट आराम देणारा पंप दिवसातून पाच-सहा वेळा ओढतो, स्टेरॉइडचा पंप त्याने सोडला आहे, कारण त्याने ‘काही वाटत नाही’. उत्तर तिला येत होते. स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवते, त्याला दिवस, आठवडे लागतात. ओढताक्षणी काही वाटणारच नाही. प्रश्न वाचून तिने मान वर केली तेव्हा समोर झोपाळ्यावर दादाजी निळा पंप हलवत बसले होते.

‘दादाजी, दुसरा पंप कधी घेता?’

‘सकाळी, आठवण राहिली तर. रात्रीचा कसा घेणार, बेटा? त्यावर चूळ भरावी लागते. माझे चौविहार.’

अडचण खरी होती. स्टेरॉइड तोंडात राहिले तर बुरशीचे पांढरे चट्टे उठतात, म्हणून चूळ भरून थुंकणे आवश्यक. आणि सूर्यास्तानंतर पाणी तोंडात घ्यायचे नाही. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा सांगितले होते, दादाजींनी संकोचाने अडचण कधी सांगितलीच नाही. चातुर्मासात धाप वाढे, ती ते तपश्चर्येच्या खात्यावर मांडत. पच्चक्खाणात व्याधीसाठी आगार ठेवलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते. (खोपटकरांना आगार म्हटले की एसटीच आठवते, येथे अर्थ सवलतीचा.) पण सवलत घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

मुलीने स्वतः मात्रा बदलली नाही. तो अधिकार तिचा नव्हे. ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि दिनक्रम नीट मांडला. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. तोवर चूळही नाही. सकाळची मात्रा नवकारशीनंतर, संध्याकाळची सूर्यास्ताआधी, दोन्हींनंतर चूळ. अंतर बरोबर बारा तासांचे होत नाही, तरी मात्रा अजिबात न घेण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, असे म्हणून डॉक्टरांनी दादाजींपुरते ते मान्य केले.

परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. निळा पंप आता दिवसेंदिवस खिशातच राहतो. दादाजी पंचांगातली सूर्यास्ताची वेळ पाहून त्याआधी पंधरा मिनिटे नातीला हाक मारतात. ती टेंभी नाक्याच्या देरासरात गेली असेल, तर स्वतःच पंप घेऊन मोरीकडे जातात.