लायब्ररी उघडण्याआधी

आपल्या शहरातले लघुपट कधी डोळे मिटून ऐका. खर्जातला तोच ड्रोन, उलटी फिरवलेली तीच झांज, तणाव आला की तोच हृदयाचा ठोका. कथा पैठणच्या मागावर घडो की वाळूजच्या कारखान्यात, आवाज एकाच साउंड लायब्ररीतून आलेला. खापर मात्र यंत्रावर फोडू नये.

चरणजित सिंग यांचेच बघा; ते मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा रागांची तबकडी केली. ३०३ बनवले होते गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. सिंगांनी त्यावर भैरव चढवला. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसच्याही आधीचा हा आवाज ऐकून परदेशी जाणकार चक्रावले. यंत्र तर कुणालाही विकत मिळत होते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे (२०१८) पार्श्वसंगीत ‘हिटमॅन’सारख्या व्हिडिओ गेम्सना संगीत देणाऱ्या डॅनिश जेस्पर किड यांनी केले. कोकणातल्या पावसाला परका कान लाभला, याचे आम्हाला वावडे नाही. खटकते ते इतकेच, की आपल्याकडे संगणकावर संगीत करणाऱ्याला ‘प्रोग्रामर’ म्हणतात आणि संकलन आटोपल्यावर रिकाम्या जागा भरायला बोलावतात. पटकथा मागून घ्या. ती देत नसतील तर काम सोडा, असे म्हणणे सोपे आहे. ते जमत नसेल तर निदान चित्रीकरणाचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा मूळ आवाज, तरी मागा.

त्यात सूर दडलेला असतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण साधारण १०० हर्ट्झची, म्हणजे ‘जी’ (G) सुराच्या किंचित वर. वाळूजच्या दृश्यात ती असेल तर ड्रोन तिच्याशीच जुळवा. ड्रोन ‘जी शार्प’वर लावलात तर दोन्ही सूर दृश्यभर भांडत राहतील, आणि दिग्दर्शक ‘काहीतरी खुपतंय’ एवढेच सांगू शकेल.

घुमाऱ्यासाठी आपण युरोपातल्या चर्चचे नमुने वापरतो. वेरूळचे दहावे लेणे, ‘सुतार का झोपडा’, शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या त्या कमानदार छताखाली एक टाळी वाजवली तरी नाद रेंगाळतो. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढा, सकाळी गर्दीआधी पोहोचा, साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) वाजवून रेकॉर्ड करा आणि त्यातून कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बसाठी आपला नमुना तयार करा. बासरीला, सिंथला तो खुलवेल. संवादांवर मात्र चढवू नका. घुमाऱ्याच्या एवढ्या लांब शेपटीत शब्द विरघळतात.