दोन भिंतींच्या मधलं घर

पेठेतलं घर म्हटलं की आपल्यापैकी निम्मे लोक नाक मुरडतात. अंधार, कोंदट हवा, पार्किंगची बोंब! पण बॉस, रांगेतल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची भिंत असते. मग उन्हात तापायला उरतं काय? पुढची बाजू, मागची बाजू आणि डोक्यावरचा स्लॅब. चारही बाजूंनी मोकळ्या टॉवरमधल्या तुमच्या टू बीएचकेला हे सुख नाही.

माझ्या मामाची सदाशिव पेठेत अशीच जागा आहे. १८ फूट रुंद, ६० फूट लांब. जुना वाडा उतरवून तिथे नवं घर बांधायचं चाललंय. मामेभावाची डिमांड साधी: प्रत्येक खोलीत एसी. मामाची त्याहून साधी: मधला चौक पाहिजेच.

"बाबा, चौकात एक अख्खी बेडरूम जाते!" भाऊ करवादला. आर्किटेक्टने मात्र मामाची बाजू घेतली, आणि तीही सेंटीपणा म्हणून नाही. ६० फूट लांब घरात मधल्या खोल्यांना खिडकी येणार कुठून? चौक नसेल तर भर दुपारी ट्यूब लावून बसा. शिवाय तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी गल्लीकडून हवा आत येते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी रात्री बऱ्यापैकी उतरतो. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवायच्या, जाड भिंती गार होऊ द्यायच्या आणि ऊन चढायच्या आत सगळं बंद. मुंबईत हा फंडा फारसा चालत नाही, तिथे रात्रसुद्धा घामटच.

खरा व्हिलन स्लॅब. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या कुणालाही विचारा. केंद्राच्या २०१८च्या इको निवास संहितेत छताची यू-व्हॅल्यू १.२च्या वर नको असं म्हटलंय. म्हणजे छतातून किती उष्णता आत झिरपावी, याची ती मर्यादा. नुसता स्लॅब त्यात नापास. म्हणून वर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरी चायना मोझेक. पंखे बीएलडीसी, ७५ वॉटच्या जागी साधारण ३० वॉटचे.

सोलरचा मात्र थोडा पोपट झाला. मागे, पश्चिमेला टॉवर आहे आणि दुपारी तीननंतर गच्चीवर त्याची सावली. पॅनेल रुसणार, पण मागच्या खोल्या फुकटात गार!

या सगळ्यापेक्षा मोठं टेन्शन वेगळंच आहे. शेजारच्या काकूंचा वाडा अजून उभा आहे, लाकडी सांगाडा आणि मातीच्या विटांचा. आपला वाडा उतरवला की त्यांची इतकी वर्षं झाकलेली भिंत उघडी पडणार. एक पावसाळा ती तशीच भिजली तर? आणि तिच्या बुडाशी सलग चर खणला तर? काकू एकट्या राहतात. "तुमचं घर गार होईल हो, माझं राहील ना?" असं त्यांनी मामाला तोंडावर विचारलं.

म्हणून वाडा दिवाळीनंतरच उतरवायचा, काकूंच्या भिंतीला आधी टेकू द्यायचे आणि पाया चार-चार फुटांच्या तुकड्यांत घ्यायचा. जूनच्या आत आपली भिंत त्यांच्या भिंतीच्या उंचीला गेली पाहिजे. वरच्या फटीवर पत्र्याची पन्हळ, खर्च मामाचा. त्या पैशांत दोन एसी आले असते, हे भावाने हिशोब करून दाखवलंच.

सध्या एसी दोनवर आलेत. तिसऱ्याचा पॉइंट मात्र त्याने प्लॅनमध्ये गुपचूप काढून घेतलाय.