संकल्पाचं उद्यापन

दरवर्षी ३१ डिसेंबरला मी एक एक्सेल शीट बनवतो. (हो, सॉफ्टवेअरवाला आहे, संकल्पसुद्धा शीटमध्येच सुचतात!) डाव्या बाजूला संकल्प, वर तारखा, पूर्ण झालं की घर हिरवं. व्यायाम, रात्री अकराला झोप, रील्स बंद, आणि शेवटच्या ओळीत न चुकता : 'क्लासिक्स वाचणे'.

मागच्या वर्षी या शेवटच्या ओळीचं नीट प्लॅनिंग केलं होतं. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मध्ये ३६१ प्रकरणं आहेत. रोज एक वाचलं की वर्षात पुस्तक खतम, वर चार दिवस हक्काची रजा. हा हिशोब मी ऑफिसात किमान सहा जणांना ऐकवला. माझी शेवटची हिरवी नोंद २३ जानेवारीची आहे. त्यानंतर शीट पांढरीशुभ्र, रशियातल्या बर्फासारखी.

तुमचंही थोडंफार असंच असणार. फार मनाला लावून घेऊ नका. मुळात आपल्याला ही पुस्तकं वाचायची असतात की वाचलेली असायला हवी असतात, हे एकदा स्वतःला विचारून बघा. माझं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते कधी विचारलं नाही. सेलमध्ये जाड पुस्तक घेतलं की अर्धं वाचल्याचं समाधान लगेच मिळतं, आणि उरलेलं अर्धं कपाटात उभं राहून मिळत राहतं. माझ्याकडे नेमाड्यांची 'कोसला' दोनदा घेतलेली आहे. पहिली कुठे ठेवली ते आठवलं नाही म्हणून दुसरी घेतली, आणि दोन्ही कोऱ्या!

तर यंदा शीट बनवलीच नाही, कारण ३१ तारखेला मी पुण्यात नव्हतो. चार दिवस सुट्टी होती, आई कधीची "येऊन जा" म्हणत होती, म्हणून रहिमतपूरला गेलो. मुद्दाम रेल्वेने. सालपे, आदर्की, वाठार अशी स्टेशनं मागं टाकत गाडी सातारा-कोरेगाव करत रहिमतपूरला येते तेव्हा खिडकीतून उसाचा वास यायला लागतो. आमच्या गावाची बाहेरच्यांना ओळख म्हणजे आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाची कबर, नाहीतर मग "कऱ्हाडच्या अलीकडे का?" एवढीच.

आणखी एक ओळख आहे, जी मला स्वतःलाच उशिरा कळली. नाटककार वसंत कानेटकर जन्माने रहिमतपूरचे. त्यांचे वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. 'वेड्याचं घर उन्हात', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'अश्रूंची झाली फुले' ही सगळी नावं मला पाठ. वाचलंय किती? एकही नाही. पीटर्सबर्गमधल्या पार्टीत कोण कुणाशी काय बोललं हे मी तेवीस दिवस वाचलं, आणि आमच्या गावात जन्मलेल्या माणसाचं एक पान उलटलं नाही. आयुष्यातल्या गमती असतात त्या अशा.

१ जानेवारीला सकाळी उठून बाहेर आलो तर अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. अगदी लहानपणापासून पाहिलेलं दृश्य. मी चहा घेऊन शेजारी टेकलो आणि सहज नजर टाकली, तर पेपर ३० तारखेचा.

"अण्णा, हा परवाचा आहे."

"असू दे की. बातम्या काय नासतात होय?"

हसलो आणि सोडून दिलं. दुपारी आईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. गेले चार महिने त्यांना अक्षरं लागत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा त्रास, वयाप्रमाणे होतो तसला. माणसं दिसतात, रस्ता दिसतो, पण ज्या शब्दाकडे बघावं नेमकं त्याच्यावरच कुणीतरी बोट ठेवल्यासारखं होतं. आई मोठ्या बातम्या वाचून दाखवते. नंतर ते पेपर हातात धरून बसतात. नुसतेच.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर असले की रात्री गावात गाडी लावून, जेवण उरकून हा माणूस देवळातल्या दिव्याखाली वाचत बसायचा. पिशवीत तिकिटांचा ट्रे आणि वाचनालयाचं पुस्तक. आमच्या घरात क्लासिक हा शब्द कुणी वापरला नाही, पण ती पुस्तकं आमच्या घरात येऊन जायची. आणि त्या माणसाचं वाचन चार महिन्यांपूर्वी थांबलं होतं, तेव्हा मी पुण्यात दर रविवारी फोनवर "बरे आहात ना?" विचारत होतो. "बरं आहे" हे उत्तर देता येईल असाच तो प्रश्न होता.

"सांगितलं का नाही?" मी संध्याकाळी जरा चिडूनच विचारलं.

"सांगून तू काय डोळे पाठवणार होतास?"

यावर काय बोलणार! डॉक्टर झाले, तपासणी झाली, जे चालू आहे ते चालू आहे. आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मी त्यांच्या फोनवर बोलकी पुस्तकं लावून दिली, बटणं समजावली, एक प्रॉब्लेम सोडवल्याच्या आनंदात झोपलो. दुसऱ्या दिवशी रात्री विचारलं तर म्हणाले, "वाचणारा गडी झ्याक वाचतोय. पण थांबत न्हाई."

ते मला नीट कळलं नाही. मग माळ्यावरच्या ट्रंकेतून आईनं 'रायगडाला जेव्हा जाग येते' काढून दिलं, पाठीवरचा कागद गेलेलं. म्हटलं, मी वाचतो, बघू तरी. पहिल्या पाच मिनिटांत अण्णांनी मला तीनदा थांबवलं. एकदा उच्चारासाठी, एकदा "परत म्हण ते" म्हणून, आणि एकदा गोष्ट सांगण्यासाठी. तरुणपणी गणपतीत हे नाटक गावातल्या पोरांनी बसवलं होतं आणि हे त्यात पहारेकरी होते. वाक्य एकही नाही. पण तालमी इतक्या पाहिल्या की बाकीच्यांची वाक्यं पाठ!

हे नाटक १९६२ साली गोवा हिंदु असोसिएशननं रंगमंचावर आणलं, काशिनाथ घाणेकर संभाजी झाले आणि गाजले, एवढं मला माहीत होतं. वाचताना कळलं की ते लढायांचं नाहीच. ते एका घराचं आहे. राज्य उभं करणारा बाप आणि त्याचा मुलगा, दोघांचाही एकमेकांवर जीव, आणि दोघांमध्ये बोलणं नाही. मी संभाजीची वाक्यं वाचत होतो आणि समोर महाराजांची वाक्यं माझ्याआधी अण्णांच्या ओठांवर येत होती. एका जागी आम्ही दोघंही थांबलो. कुणी काही बोललं नाही. आई म्हणाली, "उरलेलं उद्या."

माझी सुट्टी संपली, नाटक संपलं नाही. मग पुण्याहून रोज रात्री साडेनऊला फोन. तिकडे फोन स्पीकरवर, ताटाशेजारी. रोज एक प्रवेश, दमलो असलो तर दोन पानं. तीन आठवड्यांत नाटक संपलं. चार दिवस चुकले, त्यातले दोन रिलीजमुळे, एकदा पाहुणे, आणि एकदा मी सरळ विसरलो. त्या रात्री पावणेदहाला तिकडून मिस्ड कॉल आला.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपण संकल्प हा शब्द पूजेतून उचलला, पण त्यातली पद्धत तिथेच ठेवून आलो. पूजेत भटजी संकल्प सोडायला लावतात तेव्हा आधी काय म्हणतात? जागा, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, मग तुमचं नाव आणि गोत्र, आणि मग आत्ता इथे बसून काय करणार ते. हातावरून पाणी सोडायचं आणि लगेच कामाला लागायचं. दोन तासांत काम पूर्ण. तिथे 'या वर्षी मी चांगला माणूस होईन' असला संकल्प चालत नाही.

चातुर्मासाचे नेमही तसेच. आजी आषाढी एकादशीला काहीतरी धरायची, कांदा-लसूण सोडायची नाहीतर एखादी पोथी लावायची. कार्तिकी एकादशी आली की संपलं. आणि संपलं की उद्यापन, म्हणजे चार माणसांना बोलावून, खाऊ घालून रीतसर समाप्ती. मोजका स्कोप, ठरलेली तारीख आणि शेवटी साइन-ऑफ! आमच्या प्रोजेक्टला हे मिळत नाही. आपल्या १ जानेवारीच्या यादीत यातलं काय असतं? जागा नाही, शेवट नाही, आणि मुख्य म्हणजे पलीकडे वाट बघणारं कुणी नाही. मी टॉलस्टॉय सोडला तेव्हा टॉलस्टॉयला काही फरक पडला नाही. पहिल्यांदा मिस्ड कॉल आला तो यंदा.

कुणी म्हणेल, प्रत्येकाला वाचून दाखवायला वडील थोडेच असतात? बरोबर आहे. बायको असते, मुलं असतात, रूममेट असतो, सोसायटीत एकट्या राहणाऱ्या काकू असतात. आणि क्लासिक पुस्तकांना याची खरी गरज आहे असं मला वाटतं. एकट्यानं वाचताना ती अडतात. दोघांत वाचली की जिथे अडतं तिथे गप्पा सुरू होतात.

नाटक संपलं त्या रात्री आईनं शिरा केला होता. मी पुण्यात, शिरा रहिमतपुरात, तरी उद्यापन झालं असं आम्ही ठरवलं. पुढचं पुस्तक अण्णांनीच सांगितलं, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. माणदेशातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेल्या कोवळ्या मास्तरची गोष्ट, १९५५ची. त्या भागात अण्णांची मुक्कामी गाडी असायची, त्यामुळे पुस्तकापेक्षा त्यांच्याच गोष्टी जास्त होतात. आठवडाभरात आम्ही फार तर वीस पानं पुढे गेलो असू.

काल मी त्यांना 'वॉर अँड पीस'चं सांगितलं. तीनशे एकसष्ट प्रकरणं आहेत म्हटल्यावर त्यांनी तिकिटांचा हिशोब करावा तसा मनातल्या मनात केला.

"आपल्या चालीनं दोन-तीन वर्षं लागतील," म्हणाले. "आधी बनगरवाडी होऊ दे."

असो. नऊ पंचवीस झालेत. पुस्तक सापडत नाहीये, तेव्हा आता थांबतो.