टाच दुखते? आधी पाय पाहा, मग इनसोल घ्या

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चार पावले चालले की ती कमी होते आणि बराच वेळ उभे राहिले की पुन्हा सुरू होते. मालवणच्या किनारपट्टीवर ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मासळीबाजारातल्या बहिणी, दिवसभर फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या गृहिणी आणि फळ्यासमोर तासन् तास उभे राहणारे आम्ही शिक्षक, कुणीच यातून सुटलेले नाही.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. वाढलेले वजन, ताठर पोटऱ्या, सतत उभे राहणे आणि झिजलेली स्लीपर यांमुळे त्यावर ताण येतो. नमाजच्या बैठकीत बोटे मुडपून पाय उभा ठेवताना काहींना कळ येते, तीही याच पट्ट्याची.

यावर डॉक्टर कधी कधी इनसोल सुचवतात. उर्दूत ज्याला आपण सुखतला म्हणतो, तोच हा बुटातला आतला तळ. मात्र कमानीला आधार देणारा. तो मापानेही बनवून मिळतो. मऊ फोमच्या पेटीत पाय दाबून ठसा घेतात, त्यावरून साचा करतात आणि तापवलेला फोमचा तक्ता त्यावर बसवून घासून आकार देतात. खर्च काही हजारांपर्यंत जाऊ शकतो.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या टाचदुखीत तयार इनसोल आणि मापाचा इनसोल यांच्या गुणात संशोधकांना फारसा फरक आढळलेला नाही. आधी पोटरीचा ताण काढणारे व्यायाम, मऊ तळाची चप्पल आणि गरज पडल्यास तयार इनसोल, एवढे करून पाहावे. बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत उतरते. इनसोल पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरावा, मग वेळ वाढवावी.

दुसरी अडचण आपल्या राहणीची. इनसोल बसतो बुटात आणि आपण वावरतो स्लीपरवर किंवा अनवाणी. दिवसाचा एक तास बुटात आणि उरलेला वेळ फरशीवर, असे केले तर पैसे वाया जातात. घरात वापरायला मऊ तळाची, मागे पट्टा असलेली स्वच्छ सँडल वेगळी ठेवावी.

मापाच्या तळव्याची खरी गरज असते ती पायाचा आकार बिघडलेल्यांना आणि मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेलेल्यांना. 1946 साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हे दाखवून दिले. बधिर पायाला जखम होते ती एकाच जागी पडणाऱ्या दाबामुळे आणि वेदना नसल्याने माणूस तसाच चालत राहतो. हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेल्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला त्यातूनच पुढे आल्या. आज त्या मधुमेहींनाही दिल्या जातात.

अशा घरांत आमची कळकळीची विनंती आहे. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकायचा उपाय मधुमेही माणसावर करू नका. चटका कळत नाही, फोड येतो, तो चिघळतो आणि कधी बोट, कधी पाऊल गमवावे लागते. जुम्याला भर दुपारी मशिदीच्या तापलेल्या अंगणातून अनवाणी चालण्यातही हाच धोका आहे. वुजू करताना आपण बोटांच्या फटींत खिलाल करतोच. तेव्हाच फोड, भेग, लाली पाहावी आणि पाय कोरडे करावेत. ज्यांना वाकता येत नाही, त्यांचे तळवे मुलांनी किंवा सुनेने पाहावेत.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा आपली माणसे जातात त्या बांबोळीच्या गोवा मेडिकलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञांना आधी पाय दाखवावा. मुंबईला जाणे होत असेल तर हाजी अली येथे 1955 पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे कृत्रिम अवयव आणि आधार-साधने बनवणारा विभाग आहे. पायाला सूज, ऊब, बधिरपणा किंवा न भरणारी जखम असेल तर मात्र इनसोलची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चप्पल उलटी पडली की घरात भांडण होते, असे म्हणतात. तरी आज एकदा अम्मीची चप्पल उलटी करून पाहाच. मुलाच्या खेळाच्या बुटांना पैसे निघतात आणि तिची टाच झिजून कागदासारखी झालेली असते. खर्चाची सुरुवात तिथून करावी.