रूळ उखडल्यानंतर

आगगाडीचा मार्ग बांधणे किती कष्टाचे असते, याची कल्पना खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला सहसा येत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सपाटीला सुरेख धावते. पण चढ तीव्र असला की ते जागच्या जागी फिरू लागते. म्हणून आगगाडीला होता होईल तो सपाट वाट हवी असते. टेकडी आडवी आली, तर ती फोडावी लागते किंवा तिच्या पोटातून बोगदा न्यावा लागतो. खोलगट भाग लागला की भराव आणि नदी लागली की पूल! एवढे करूनही खंडाळ्याच्या घाटात चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. अशा रीतीने असंख्य मजुरांच्या श्रमांतून जमिनीची जी लांबच लांब, सलग पट्टी तयार होते, तीच लोहमार्गाची खरी संपत्ती होय. रूळ हे तिच्यावरचे केवळ लेणे आहे.

हे लेणे उतरल्यावर त्या पट्टीचे काय करावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. मोटारी व मालमोटारी वाढल्यामुळे तेथील रेल्वे तोट्यात गेली होती. 1963 साली रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी एक अहवाल सादर केला आणि सुमारे 5,000 मैलांचे मार्ग व दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, असे सुचविले. त्यांतील बहुतेक सूचना अमलात आल्या. रूळ उखडले गेले, कित्येक पूल पाडण्यात आले आणि खालची जमीन ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. कोणी तिच्यावर घर बांधले, कोणी ती आपल्या शेतात मिसळून टाकली. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार चोख दिसला असेल. त्याची खरी किंमत पुढे कळली.

स्कॉटलंडमधील एडिंबरोहून दक्षिणेकडे डोंगराळ मुलुखातून जाणारा एक मार्ग 1969 च्या जानेवारीत बंद झाला. पुढे तेथील लोकांना गाडीची निकड पुन्हा भासू लागली आणि 2015 साली त्या मार्गाचा सुमारे 30 मैलांचा भाग नव्याने बांधून सुरू करण्यात आला. परंतु मधल्या काळात जुन्या मार्गावर काही ठिकाणी घरे उभी राहिली होती आणि शहराबाहेरून जाणाऱ्या मोठ्या मोटाररस्त्याने तो आडवा छेदला होता. जी जमीन एकेकाळी रेल्वेचीच होती, तीच पुन्हा पैसे मोजून घेण्याची पाळी आली. शंभर एकरांच्या शेतातून एक एकर गेले, तर नव्याण्णव एकर शेत उरते. दोन गावांना जोडणाऱ्या पट्टीतून मधले एक एकर गेले, तर पट्टीच उरत नाही.

ब्रिस्टल आणि बाथ या इंग्लंडमधील दोन शहरांची कथा निराळी आहे. त्यांना जोडणारी एक गाडी 1966 साली बंद झाली. तो मार्ग ओसाड पडला असता ब्रिस्टलमधील काही सायकलप्रेमी मंडळी एकत्र आली आणि 1979 ते 1986 या काळात, स्वयंसेवकांच्या श्रमांचे मोठे साहाय्य घेऊन, तेथे पायी व सायकलने जाण्याची सुमारे 13 मैलांची वाट तयार झाली. जो सौम्य चढउतार एकेकाळी इंजिनासाठी साधला होता, तो आता वृद्धांच्या गुडघ्यांना आणि लहान मुलांच्या पायांना उपयोगी पडतो. वाटेत एक जुना बोगदाही लागतो. ज्याच्यातून एकेकाळी धूर ओकीत गाड्या जात, त्याच्यातून आता मुले घंटी वाजवीत शाळेला जातात.

या उपक्रमाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या गावाची गाडी गेली, त्या गावाला सायकलची वाट देणे म्हणजे भुकेल्याच्या हाती फूल देणे नव्हे काय? ओझे घेऊन दूरच्या दवाखान्यात निघालेल्या म्हातारीला त्या वाटेचा काय उपयोग? हे अगदी खरे आहे. वाट सुंदर होईल एवढ्याचसाठी चालू गाडी बंद करणे हा शुद्ध अन्याय ठरेल. पण गाडी बंद झालीच, तर निदान तिची जागा मोडू नये. लोकांची नित्य ये-जा असलेल्या जमिनीवर कोणी गुपचूप कुंपण घालू शकत नाही; पायवाट ही त्या जागेची राखणदार होते. अमेरिकेने तर 1983 साली तसा कायदाच केला. बंद पडलेल्या मार्गावर पायवाट करावी, आणि पुढे रेल्वेला जरूर पडली तर तिने ती जागा परत घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. हा कायदा फार शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

ब्रिस्टलच्या वाटेवरही एकदा प्रसंग आला. तिच्या काही भागातून जलद बसगाड्या नेण्याची एक योजना 2008 च्या सुमारास पुढे आली. लोकांनी जोराचा विरोध केला आणि ती योजना मागे पडली. बसगाडीही लोकांच्याच उपयोगाची, मग विरोध कशाला, असे कोणी विचारील. परंतु बसला शहरातले इतर रस्ते मोकळे असतात. सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलाला तसा दुसरा निर्धास्त रस्ता सहसा मिळत नाही.

आगगाडीशी मात्र त्या वाटेचे वैर नाही. दोन्ही शहरांच्या दरम्यान बिटन नावाचे एक लहान स्थानक आहे. तेथील हौशी मंडळींनी जुन्या मार्गाचा सुमारे 3 मैलांचा भाग पुन्हा रूळ टाकून चालू केला आहे. मूळचा मार्ग दोन गाड्या शेजारून जातील इतका रुंद असल्यामुळे एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला पायवाट, अशी दोघांचीही सोय तेथे झाली आहे. ठरावीक दिवशी वाफेचे इंजिन डबे ओढीत निघते आणि शेजारच्या वाटेवरची मुले आपल्या सायकली थांबवून त्याच्याकडे पाहत राहतात.