शेती म्हणजे शिक्षा नव्हे

मुलांनो, आणि या भिंतीपाशी घटकाभर थांबणाऱ्या पालकांनो,

आधी माझी चूक कबूल करतो. पाढे पाठ नसले की मी वर्गात म्हणत असे, "शिकला नाहीस तर जन्मभर वखर हाकशील." माझे गुरुजी मला हेच म्हणत. तेच मी पुढे चालवले.

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात विचारले, मोठेपणी कोण होणार? कोणी डंपर चालवणार, कोणी पोलीस, दोघी नर्स. शेतकरी एकही नाही. आपल्या घुग्घुसला हे साहजिकच म्हणायचे. इकडे कोळशाच्या खाणी, तिकडे सिमेंटचा कारखाना. महिन्याचा पगार डोळ्यांना दिसतो. पण वर्धा नदीच्या काठाने अजून पऱ्हाटी, सोयाबीन, तूर उभी आहे, आणि वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचे कोणी ना कोणी तिथे राबते. मी म्हटले, "मग शेती का नाही?" मागचा एक मुलगा उठला. "गुरुजी, आमचं वावर त खदानीत गेलं. मी शेती करू कोठं?" मला उत्तर सुचेना. घंटा झाली म्हणून सुटलो.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की शेतीची ओळख शाळेनेच करून द्यावी, आणि ती वावर नसलेल्या मुलालाही द्यावी.

आपल्याच जिल्ह्यातले दादाजी रामाजी खोब्रागडे पाहा. गाव नांदेड, पण मराठवाड्यातले नव्हे, नागभीड तालुक्यातले. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबी वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या कापणीत मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्यांचे बी वेगळे ठेवले, पुढच्या साली वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवडत गेले. त्यातून निघाला तो बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ. नाव पडले तेव्हाच्या नावाजलेल्या घड्याळावरून! पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. त्यांचा तांदूळ आजही घरोघरी शिजतो, आणि आमच्या मुलांना त्यांचे नाव विचारले तर एकमेकांकडे बघतात.

एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, आम्ही वर्गात एक प्रयोग केला. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून आणायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवावे लागते, फारच कमी तर बदलावेच लागते. एका मुलीच्या पोत्यात अठ्ठावन्नच निघाले. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत हजर. मला वाटले, भांडायला आला. तो म्हणाला, "गुरुजी, पोरगी म्हणते बी बदला. खरं हाय काय?" पुन्हा शंभर दाणे लावले. छप्पन निघाले. शेकड्याचे गणित त्या आठवड्यात कोणाला वेगळे शिकवावे लागले नाही.

पोते भिजवण्याचे काम कोणी मागून घेतले असेल? ज्याचे वावर खदानीत गेले त्याने. त्याचे उत्तर मी उशिरा का होईना, दिले. माती तपासणारा, बियाणे तपासणारा, गुरांचा डॉक्टर, पंप नि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हे सगळे शेतीवरच जगतात; यांना स्वतःचे वावर असलेच पाहिजे असे नाही. दहावीनंतर कृषी पदविका आहे, बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धानाचे संशोधन केंद्र तर आपल्या जिल्ह्यात सिंदेवाहीलाच आहे. शेतीत तोटा येतो, कर्ज होते, हेही मी त्याला सांगितले. घरी दिसतेच ते. शाळेने लपवून काय उपयोग?

माझी मागणी फार नाही. आठवड्यातून एक तास, आणि त्या तासाला शिकवायला गावातला एखादा शेतकरी किंवा शेतकरीण. सरता धरून पेरलेल्या बाईला जे ठाऊक आहे ते मला नाही.

यंदाही पोते भिजणार आहे. ज्यांना बियाणे तपासायचे असेल त्यांनी सुट्टीआधी शंभरावर दहा दाणे, पुडीवर नाव लिहून, पाठवावे. दहा जास्तीचे यासाठी की मोजणारा तो मुलगा आता पाचवीत असला तरी वाटेत दोन-चार दाणे खातो.