बंद पडलंय की बंद केलंय?

मंडळी, बरेच वीकेंड झाले, इथे काही खरडलं नाही. रिलीज, मग रिलीजमधले बग, मग त्या बगांचं रिलीज... तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्याच नावेत. आज शनिवार आहे, चहा हाताशी आहे आणि डोक्यात बरेच दिवस घोळणारा एक प्रश्न आहे.

सुरुवात एका फोनपासून. २६ फेब्रुवारी २०२४, सोमवार. माझे मामा अंबड तालुक्यात असतात. अंतरवाली सराटीपासून फार लांब नाही. हो, तेच गाव. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस तिथे उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि वडीगोद्रीजवळचं ते खेडं महाराष्ट्राच्या नकाशावर एकदम ठळक झालं. आरक्षणावर मी इथे काहीही लिहिणार नाहीये, त्यामुळे कमेंटमध्ये बाह्या सरसावू नका. विषय नेटवर्कचा आहे.

तर दुपारी मामांचा फोन.

"आरं, नेटच चालंना बघ. डब्बे चारी दिसायलेत, पण काहीच उघडंना."

मी सवयीप्रमाणे सपोर्ट इंजिनिअरच्या भूमिकेत शिरलो. "मामा, फोन बंद करून चालू करून बघितला का?"

"तीनदा केला. सिम काढून पुसून घातलं. पोरगं म्हणलं रिचार्ज संपलं आसंल, म्हणून आडीचशेचं मारून आलो. तरी तसंच."

मी मग ऑफिसच्या नेटवर बातम्या उघडल्या. अंबड तालुक्यात संचारबंदी होती आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट बंद ठेवायचा आदेश निघाला होता. पुण्यात बसलेल्या मला ते दोन मिनिटांत कळलं. ज्यांचं नेट बंद होतं त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण बातमी नेटवर होती!

हसू नका. म्हणजे मीही हसलो, पण नंतर अडीचशे रुपये आठवले.

आता जरा आपल्या धंद्यातली गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांनी कधी राउटर किंवा स्विच सांभाळलाय, त्यांना एसएनएमपी ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: नेटवर्कवरच्या शेकडो उपकरणांना एका जागी बसून "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारण्याची ही भाषा. १९८८ साली केस, फेडॉर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी आरएफसी १०६७ मध्ये ती मांडली. त्या वेळी ठरलं होतं की ही तात्पुरती सोय आहे, पुढे सीएमआयपी नावाचा मोठा, भारदस्त प्रोटोकॉल येईल आणि मग हिला निरोप देऊ. तो भारदस्त पाहुणा इंटरनेटवर कधी नीट स्थिरावलाच नाही. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्येच सगळ्यांनी संसार मांडला आणि आज पस्तीसेक वर्षं झाली तरी कितीतरी डेटा सेंटरं त्याच शेडमध्ये राहतात. साधेपणाचा विजय वगैरे म्हणतात तो हा. सुरुवातीची सुरक्षा मात्र विनोदीच होती. पासवर्डच्या जागी बहुतेक ठिकाणी 'पब्लिक' हा शब्द, तोही उघडा प्रवास करणारा. पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.

मला यातली आवडणारी गोष्ट एकच. प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे केबल लावायच्या प्रत्येक दाराला, यात दोन वेगळे रकाने दिलेत. एक 'अ‍ॅडमिन स्टेटस' आणि दुसरा 'ऑपर स्टेटस'. पहिला सांगतो, माणसाने काय ठरवलंय. दुसरा सांगतो, प्रत्यक्षात काय चाललंय. अ‍ॅडमिन चालू पण ऑपर बंद, म्हणजे केबल तुटली, उंदराने कुरतडली, पलीकडचा बॉक्स मेला. पळा! अ‍ॅडमिनच बंद, म्हणजे कुणीतरी विचार करून दार लावलंय. पळू नका, आधी विचारा कुणी आणि का. वर 'ट्रॅप' नावाची सोय आहे. लिंक पडली की उपकरण स्वतःहून ओरडून सांगतं, तुम्ही विचारायची वाट बघत नाही.

रात्री दोन वाजता पेजर वाजलेल्या माणसाला विचारा, या दोन रकान्यांतल्या फरकाची किंमत काय आहे ते. बंद पडणं आणि बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला सुचलं, त्याला माझ्यातर्फे एक मिसळ.

गंमत अशी की हा फरक आपण इंजिनिअर लोकांनी स्वतःसाठी ठेवला. ज्याचं नेट गेलंय त्याच्या फोनवर दोन्हींचा चेहरा एकच. गोल गोल फिरणारं चक्र.

बरं, गावाकडे 'पडणं'सुद्धा रोजचंच आहे, म्हणून घोळ आणखी वाढतो. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यात तालुक्याहून ग्रामपंचायतीकडे जाणारी फायबर झाडाच्या फांदीसारखी. फांदी तुटली की पुढची पानं गेली. आणि आपल्याकडे रस्ता रुंद करायला, पाइपलाइन टाकायला जेसीबी कायम हजर. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, १,३९,५७९ कोटी रुपयांची, आणि त्यात मुख्य बदल हाच की फांदीऐवजी कडं. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने डेटा येईल. कागदावर उत्तम आहे, जमिनीवर किती उतरतं ते बघू.

तिसरा प्रकार गर्दीचा. १४ ऑक्टोबर २०२३ ला अंतरवाली सराटीत प्रचंड सभा झाली. अशा वेळी खेड्याला पुरेल एवढ्याच तयारीने उभ्या असलेल्या टॉवरवर काय गुदरतं, कल्पना करा. डब्बे म्हणजे फक्त सिग्नलची ताकद. टॉवरवर जागा शिल्लक आहे का, हे डब्बे सांगतच नाहीत. एसटीचा बोर्ड स्पष्ट दिसतोय म्हणून आत बसायला जागा आहे असं नसतं, तसं.

म्हणजे मामांच्या फोनवरच्या त्या चक्रामागे तीन कारणं असू शकतात: तुटलंय, तुंबलंय, किंवा थांबवलंय. पहिल्या दोन्हींत वाट बघणं किंवा तक्रार करणं हा उपाय. तिसऱ्यात तक्रार करूनही उपयोग नाही, पण किती वेळ आणि कुणाच्या आदेशाने, हे विचारायचा हक्क आहे. तो हक्क माझा शोध नव्हे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत. २०१७ च्या नियमांत त्याच वर्षी पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आली. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांत आदेश कारणांसह प्रसिद्ध करायचं, भाग आणि मुदत स्पष्ट सांगायचं, हे लिहूनच ठेवलंय.

पण प्रसिद्ध कुठे? वेबसाइटवर. कुणासाठी? ज्यांचं इंटरनेट बंद आहे त्यांच्यासाठी. याला आमच्याकडे डिझाइन बग म्हणतात.

काही जण म्हणतील, अहो, अफवा पसरू नयेत म्हणूनच तर बंद करतात. मला स्वतःला हा उपाय फारसा पटत नाही. अफवा पसरायला व्हॉट्सअ‍ॅप लागतंच असं नाही, पारावरसुद्धा काम भागतं, आणि अफवेचं खंडन करणारा मात्र नेटशिवाय मुका होतो. शिवाय आता दुकानातला क्यूआर कोड, रेशनचं मशीन, परीक्षेचा फॉर्म, सगळंच त्या एका दोरीला बांधलंय. तरी हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. समजा, बंद करणं गरजेचं होतं. मग सांगायला काय हरकत आहे?

तांत्रिक अडचण म्हणाल तर ती नाही. मोबाईल डेटा थांबवतात तेव्हा टॉवर जिवंतच असतो. त्या भागातल्या ग्राहकांचा डेटा तेवढा अडवलेला असतो. मामांचा फोन मला लागलाच ना! म्हणजे एसएमएस जाऊ शकतो. रिचार्ज संपायला तीन दिवस असताना कंपन्या किती एसएमएस मारतात, आठवा जरा. आणि एसएमएसहून झकास सोय आपल्याकडे आहे, सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे फोन अचानक भोंग्यासारखे किंचाळले होते, आठवतंय? मीटिंगमध्ये अर्धी टीम खुर्चीतून उडाली होती :) ती सी-डॉटने बनवलेल्या आपत्ती-इशारा यंत्रणेची चाचणी होती. टॉवर एकच संदेश हवेत सोडतो, टप्प्यातला प्रत्येक फोन तो ऐकतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, गर्दीतही चालतं. त्यावर मराठीत दोन ओळी: "या भागातला मोबाईल डेटा आदेशाने थांबवला आहे. अमुक वाजता सुरू होईल." भोंगा नको हवं तर, नुसता संदेश पुरे. नियमात एक वाक्य वाढवायचंय: बंदीचा आदेश आणि हा संदेश एकाच वेळी निघेल.

हे झालं तर सरकारचं काय नुकसान होईल, मला खरंच दिसत नाही. एकच दिसतं. बंद केल्याचं प्रत्येक फोनवर लिहून आलं की ते कुणीतरी केलंय हेही लिहून आल्यासारखं होतं. आत्ता नुसतं 'नेट गेलंय' म्हणतात, पाऊस गेला तसं.

असो. मामांचे अडीचशे वाया गेले नाहीत म्हणा, पॅक पुढे वापरला गेला. पण तेव्हापासून फोनची सुरुवात बदललीय. नेट गेलं की पहिला प्रश्न, "पडलंय का केलंय, बघून सांग."

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. मी लॅपटॉप उघडतोय तोवर तेच म्हणाले, "राहू दे, या येळी पडलंय. जेसीबीचा खड्डा बघूनच आलोय."